समोरच्या घरातली मराठी

जबलपूरच्या मदन महल स्टेशनच्या मागे जी गल्ली आहे, तिथं भानुमतीचं दोन खोल्यांचं घर होतं आणि बरोबर समोर अनसूयाबाईंचं. मधला रस्ता एवढा अरुंद, की एका घरात कुकरची शिटी झाली तर दुसऱ्या घरातली बाई आपला गॅस बघायला उठायची. गल्लीत मराठी घरं ही दोनच. तरी भानुमती कित्येक वर्षांत समोरच्या घराची पायरी चढली नव्हती.

भांडण असं काही झालं नव्हतं. भानुमती काटोलकडची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन जबलपुरात आली तेव्हा तिचा नवरा दिवाकर फॅक्टरीत फिटर होता. रांझीच्या क्वार्टरमध्ये सगळा संसार झाला आणि निवृत्ती जवळ आल्यावर दोघांनी इथं जागा घेऊन घर बांधलं. अनसूयाबाईंच्या सासरचं घराणं मात्र नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत नोकरीला येऊन इथलंच झालेलं. छप्पन साली जुना प्रांत मोडला, नागपूर तिकडे गेलं आणि जबलपूर इकडे राहिलं, तेव्हा त्यांचे बहुतेक भाऊबंद नागपूरला निघून गेले. अनसूयाबाईंचे यजमान विष्णुपंत कचेरीत होते. ते म्हणाले, माझी नर्मदा इथं आहे, मी कशाला जाऊ. आणि राहिले.

नवीन घरात आल्यावर पहिल्याच वर्षी भानुमती अनसूयाबाईंकडे हळदीकुंकवाला गेली होती. शहरातल्या पाचसहा मराठी बायका जमल्या होत्या. त्यांतली एक लवकर उठली, तेव्हा भानुमती तिला म्हणाली, "काहून, इतक्यात चालल्या?" अनसूयाबाई हसल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, 'का' म्हणावं. काहून काय?" बायका हसल्या. भानुमतीही हसली. घरी येऊन तिनं ओटीतले गहू डब्यात ओतले, आणि पुन्हा कधी गेली नाही. रस्त्यात गाठ पडली तर मान हलवायची, बरं आहे ना म्हणायचं, एवढंच.

बाकी गल्लीत मात्र ती प्रत्येक घरची होती. उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की आपल्या बोअरचा पाइप भिंतीवरून शेजाऱ्यांकडे टाकायची आणि स्वतःचा हंडा सगळ्यांत शेवटी भरायची. कुणाकडे मयत झाली तर त्या घरी चूल पेटणार नाही हे सगळ्यांत आधी तिच्या लक्षात यायचं. पोळ्या आणि पिठल्याचा डबा ती मागच्या दारानं नेऊन द्यायची. पुढच्या दारात माणसं बसलेली असतात, घेणाऱ्याला अवघड होतं, असं ती म्हणायची. दिवाकर गेल्यावर हे तिचं जाणं-येणं कमी होईल असं लोकांना वाटलं होतं, ते उलट वाढलं. मुलगा बंडू पुण्याला नोकरीत होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "आई, आता इकडेच ये. तिथं कोण आहे तुझं?" ती म्हणायची, येते.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. एका दुपारी समोरची सून सरोज भानुमतीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. सरोज दमोहची. एका खासगी शाळेत लहान मुलांना शिकवायची, गल्लीत तिचं कुणाशी फारसं बोलणं नव्हतं. डोळे सुजलेले होते आणि केस विंचरलेले नव्हते.

"काकी, आप मराठी हो न?"

"हो. म्हणजे, हाँ बेटा. काय झालं?"

"माँजी सुबह से कुछ कह रही हैं. हमको समझ में ही नहीं आ रहा."

अनसूयाबाईंना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती, दवाखान्यातून त्यांना घरी आणलं होतं, एवढं गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते सरोजनं उभ्या उभ्या सांगितलं. त्यांचं बोलणं परत आलं होतं, पण हिंदी परत आली नव्हती. जन्मभर भाजीवाल्याशी, शेजारणींशी, सुनेशी त्या जी हिंदी बोलल्या ती पाटीवरून पुसावी तशी गेली होती. उरली होती माहेरची मराठी, तीही जड जिभेची. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मुलगा विनय नरसिंहपूरला बँकेत होता, सकाळच्या गाडीनं जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. त्याला मराठी समजायची, बोलायला जीभ वळायची नाही. लहानपणापासून आई मराठीत विचारायची आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा. पुढे विष्णुपंत गेले, घरात सून आली, तशी आईही हिंदीतच विचारायला लागली.

"काय म्हणून राहिल्या त्या?" भानुमतीनं विचारलं.

"दंड, दंड. बस यही. मैंने कहा, माँजी, काहे का दंड, आपने किसका क्या बिगाड़ा है. तो और रोने लगती हैं."

भानुमती तशीच निघाली. समोरच्या पायरीशी मात्र तिचा पाय क्षणभर थबकला. मग ती चढली.

अनसूयाबाई उजवीकडे कलंडल्या होत्या. भानुमतीला पाहून त्यांनी ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. "दंड," त्या म्हणाल्या. "माझा दंड. खाली."

भानुमतीनं रजई बाजूला केली. लुळा पडलेला हात पाठीखाली मुडपून अडकला होता आणि कोपरापासून खांद्यापर्यंत जांभळा पडला होता. तिनं सरोजला हाक मारली. दोघींनी मिळून म्हातारीला उचललं, हात मोकळा केला आणि हलकेच छातीवर आणून ठेवला.

"बाँह," भानुमती म्हणाली. "हमारे में बाँह को दंड बोलते हैं बेटा."

सरोज त्या जांभळ्या हाताकडे बघत राहिली. सकाळपासून सासू हेच सांगत होती, आणि आपण तिचं पाप धुवायला तिला नर्मदेचं पाणी पाजत होतो. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं पदर तोंडाशी धरला.

अनसूयाबाई भानुमतीकडे बघून म्हणाल्या, "तू आलीस."

"हो ताई. आली."

तेव्हापासून दुपारची भांडी झाली की भानुमती समोर जाऊन बसायला लागली. कुणी तिला रोज या म्हणून सांगितलं नव्हतं. ती गेली की तिथं काही ना काही अडलेलं असायचं. एकदा अनसूयाबाई "ऊन, ऊन" म्हणत होत्या आणि सरोजनं त्यांच्या अंगावर दोन शाली आणि स्वेटर घातला होता. त्यांना उन्हात जायचं होतं. हिंदीत ऊन म्हणजे लोकर, सरोजचा काय दोष. मग दोघींनी खाट ओढून मागच्या अंगणाच्या दाराशी नेली आणि अनसूयाबाईंच्या पायांवर ऊन आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. सरोज हळू आवाजात म्हणाली, "हम तो इनको मार ही डालते, काकी."

सरोजनं शाळेची नोकरी सोडून दिली होती. सासूचं हगणं-मुतणं, अंग पुसणं, कूस बदलणं, घास भरवणं सगळं ती एकटी करायची. विनय संध्याकाळी यायचा, दारातूनच विचारायचा, "माँ ठीक हैं?" आणि ते विचारायचा सरोजला. मग हातपाय धुवायला निघून जायचा. वाईट माणूस नव्हता. आईची ती अवस्था त्याला बघवत नसावी, असं भानुमती स्वतःला समजवायची.

अनसूयाबाईंची जीभ हळूहळू सुटत गेली, तशा त्या जास्त बोलायला लागल्या. माहेरचं बोलायच्या, विष्णुपंतांचं बोलायच्या, आणि मग सुनेचं. सरोज तिथंच चादर बदलत असायची आणि त्या तिच्यासमोर सांगायच्या, "हिनं या घरातली मराठी बंद केली. माझा मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला. बाहेरची ती बाहेरची." कधी त्याहूनही कडू बोलायच्या.

"क्या कह रही हैं?" सरोज विचारायची.

"पीठ दुखती है कह रही हैं," भानुमती सांगायची.

पहिल्यांदा हे खोटं तिच्या तोंडून सहज निघालं. नंतर रोजच काढावं लागायला लागलं. घरी आल्यावर ती दिवाकरच्या फोटोखालच्या खुर्चीत बसून राहायची. आपण मदत करायला जातो की चोरी करायला जातो, हे तिला कळेनासं झालं. एक मन म्हणायचं, सोडून दे, बंडूकडे जा. दुसरं म्हणायचं, आपण गेलो तर त्या पाठीखालचा हात उद्या कोण काढणार.

संक्रांतीच्या सुमारास तिलाच ताप आला. चांगली आठवडाभर अंथरुणात होती. बरी होऊन समोर गेली तेव्हा खोलीत शिरताच तिला वास आला. अनसूयाबाईंच्या कमरेखाली कातडी सोलवटली होती. ओठ सुकले होते. सरोज दाराशी उभी होती.

"आप नहीं आतीं तो ये मुझसे कुछ माँगती ही नहीं," ती म्हणाली. "मुँह फेर लेती हैं. दिन भर दरवाज़ा देखती हैं, कि आप कब आओगी. मैं पूछूँ भी तो कैसे पूछूँ."

भानुमतीनं जखम धुतली, पावडर लावली, कूस बदलली. अनसूयाबाई कुरकुरल्या, "काल का आली नाहीस?" त्यांना आठवडा कळला नव्हता. त्या दिवशी भानुमतीला नीट दिसलं, की आपण या दोघींच्या मध्ये बसलो म्हणून दोघींनी एकमेकींकडे वळायचंच सोडून दिलं आहे. सून समजून घ्यायला धडपडत नाही आणि सासू समजावून सांगत नाही. दोघी भानुमतीची वाट बघतात.

सरोजला मराठी शिकवायला हवी, हे तिला तिथंच सुचलं. पण ती लगेच बोलली नाही. शिकवायचं म्हणजे सगळंच शिकवणं. पाणी आणि उशी तेवढी कळेल आणि बाकीचं कळणार नाही, अशी भाषा कुठं असते. तिसऱ्या दिवशी सरोज स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. त्या दिवसांत जबलपुरात मटारांचे ढीग लागतात, घरोघरी सोलणं चाललेलं असतं. भानुमती तिच्यासमोर बसली, एक मूठ शेंगा पुढ्यात ओढल्या आणि म्हणाली, "सरोज, म्हण, कूस."

"क्या?"

"कूस. करवट. कूस बदलू का? असं विचाराचं."

"कूस बदलू का," सरोज म्हणाली.

ती शिक्षिका होती, तिला शिकायची सवय होती. मटार संपेपर्यंत तिला उशी, दुखतं का, गिळा, आणि थोडी वाट बघा एवढं यायला लागलं. हे शेवटचं भानुमतीनं मुद्दाम सांगितलं होतं, कारण दूध तापेपर्यंत अनसूयाबाईंना धीर नसायचा. दुसऱ्या दिवशी सरोजनं खाटेशी वाकून विचारलं, "आई, कूस बदलू का?" अनसूयाबाईंनी भानुमतीकडे पाहिलं. भानुमतीनं मान खिडकीकडे वळवली. बऱ्याच वेळानं अनसूयाबाई म्हणाल्या, "बदल."

मग रोज थोडं थोडं. सरोज भाजी चिरताना शब्द म्हणायची, चादरी पिळताना म्हणायची. ती भानुमतीसारखीच बोलायला लागली, 'काहून' आणि 'करून राहिली' सकट. अनसूयाबाई तिला कामापुरतं उत्तर द्यायच्या. बाकीचं अजूनही भानुमतीशी बोलायच्या, सरोजला तेवढंच समजतं या भरवशावर.

एका दुपारी सरोज त्यांना खिचडी भरवत होती. अनसूयाबाईंनी दोन घास घेतले आणि मान फिरवली. भानुमतीला म्हणाल्या, "ही माझ्या मरणाची वाट बघते आहे. मी गेले की हिला शाळेत जायला मोकळं."

चमचा मध्येच थांबला. भानुमतीनं सरोजकडे पाहिलं आणि तिला कळलं, की हिला कळलं. सरोजनं वाटी खाली ठेवली, ती झाकली आणि उठून मागच्या अंगणात गेली.

तारेवर चादरी वाळत होत्या. सरोज त्यांच्या मध्ये उभी होती.

"काकी, ये रोज़ बोलती थीं?"

भानुमतीच्या जिभेवर खोटं तयारच होतं. ते तिनं गिळलं. "रोज नहीं," ती म्हणाली. "पर बोलती थीं."

"और आप कहती थीं, पीठ दुखती है."

"हाँ."

"मैं इतने दिन उनकी पीठ मलती रही," सरोज म्हणाली. "तेल गरम करके."

घर टिकावं म्हणून, तुला लागू नये म्हणून, अशी वाक्यं भानुमतीच्या मनात आली, पण त्या गरम तेलापुढे ती सगळी तिला पोकळ वाटली.

"आप कल मत आइए," सरोज म्हणाली.

भानुमती गेली नाही. दुपारी भांडी झाली की ती ओट्यावर येऊन बसायची आणि समोरचं बंद दार बघायची. सरोज कचरा टाकायला बाहेर यायची, पण इकडे नजर वळवायची नाही. रविवारी बंडूचा फोन आला तेव्हा भानुमती पहिल्यांदा म्हणाली, "तिकीट काढून टाक बाबा." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "थांब. सांगतो तुले." कुणाचं घर आपण मदतीच्या नावानं मोडून बसलो, आणि तसंच सोडून गाडीत बसायचं, हे तिला जमणार नव्हतं.

पण समोर जायचा धीरही झाला नाही. शेवटी सरोजच आली. फाटकाशी उभी राहून कोरड्या आवाजात म्हणाली, "खा नहीं रही हैं. कल से. आइए." आणि भानुमती चपला घालत असताना म्हणाली, "पर आज आप बीच में मत बोलिए, काकी. बस बैठिए. मैं ग़लत बोलूँ तो भी."

भानुमती आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसली. अनसूयाबाईंनी तिला पाहून काही म्हणायला तोंड उघडलं, पण सरोज खाटेच्या काठावर त्यांच्या पुढ्यात बसली. हातात वाटी होती. ती सावकाश, एकेक शब्द शोधत बोलायला लागली.

"आई. मी वाट नाही बघून राहिली. शाळा सोडली. कोणी सांगितलं नाही, मीच सोडली. मले राग येते. तुमचा पण येते, ह्यांचा पण येते. पण मी वाट नाही बघत. मरण बोलू नको."

अनसूयाबाईंचा चेहरा एका बाजूनं ओढलेला होता, त्यावरचं काही वाचता येत नव्हतं. आपण आजवर जे जे बोललो ते या पोरीला कळत होतं की काय, हे त्या मनात मागे मागे जाऊन तपासत असाव्यात. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं आणि उशीवर उतरलं. मग त्या म्हणाल्या, "नका."

"क्या?" सरोज घाबरून म्हणाली.

"बोलू नका," अनसूयाबाई म्हणाल्या. जड जिभेनं, पण एकेक अक्षर स्पष्ट. "सासूला... बोलू नका म्हणावं."

सरोजनं एकदा भानुमतीकडे बघितलं. भानुमतीला बोलायची बंदी होती. ती बोलली नाही.

"बोलू नका," सरोज म्हणाली.

अनसूयाबाईंनी तोंड उघडलं. सरोजनं घास भरवला.

त्यांनी माफी मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. स्वभाव लकव्यानं बदलत नाही. पण सुनेबद्दल भानुमतीशी बोलणं थांबलं. कधी तोंडाशी आलंच, तर त्या थांबून सरोजकडे बघायच्या आणि जे असेल ते तिलाच सांगायच्या. खिचडीत मीठ कमी आहे. तुझे हात गार आहेत. आज उगाच रडू येतं आहे. आणि तिची मराठी सुधारायच्या. मले नाही, मला. येते नाही, येतो. सरोज शाळेतल्या मुलीसारखी पुन्हा म्हणायची. कधी दोघींचं एखाद्या शब्दावरून वाजायचंही. अशाच एका दुपारी भानुमतीच्या ध्यानात आलं, की मघापासून आपल्याकडे कुणी पाहिलेलं नाही. तिला बरं वाटलं. घरी आल्यावर थोडं ओकंओकंही वाटलं. तिनं चहा केला, आणि तो गार झाल्यावर तिला आठवला.

चैत्रात बंडूच्या मुलाची मुंज होती. आता मात्र ती गेली. निघायच्या दिवशी अनसूयाबाईंनी डावा हात पुढे केला. भानुमतीनं तो दोन्ही हातांत धरला. "नीट जा," त्या म्हणाल्या. एवढंच.

मुंज झाली, पाहुणे पांगले. बंडूनं तिला आणखी ठेवून घेतलं. एके दिवशी सकाळचं सगळं आवरून ती मुंजीच्या साड्या घड्या करत होती, तेव्हा सरोजचा फोन आला.

"काकी," सरोज म्हणाली, "आई गेल्या."

भानुमती खाली बसली. सरोज मराठीतच सांगत राहिली, अडखळत, पण हिंदीकडे न वळता. काल सकाळी विनय गाडीसाठी तयार होत होता. अनसूयाबाई जाग्या होत्या. सरोजला जवळ बोलावून म्हणाल्या, "त्याला वाढ. आणि तू पण जेव. उभ्यानं खाऊ नकोस." सरोजला ओट्याशी उभं राहून दोन घास गिळायची सवय होती. खाटेवरून ते त्यांना दिसत असणार. ती ताट घेऊन त्यांच्यासमोर खाली बसली आणि जेवली. त्या बघत होत्या. दुपारी दूध घेऊन गेली तर श्वास मंद झाला होता. फोन मिळताच विनय बँकेतून निघाला. तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"सगळं समजलं, काकी," सरोज म्हणाली. "एक पण शब्द विचारायला नाही लागला." आणि मग ती रडायला लागली. भानुमतीनं फोन कानाशी तसाच धरून ठेवला, तिचं रडणं थांबेपर्यंत.

तेराव्याच्या आत भानुमती जबलपूरला परतली. बंडू म्हणाला, "आता तर तिथं खरंच कोणी नाही, आई." ती म्हणाली, "आहे बाबा. सरोज आहे." तेरावं झालं, माणसं गेली. पुढे जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा सरोजला जुन्या जागी नाही, पण दुसऱ्या एका शाळेत काम मिळालं.

त्याआधीची एक संध्याकाळ मात्र सांगायला हवी. विनय स्टेशनवरून येत होता. रोज तो आपल्या दारात वळायचा, त्या दिवशी भानुमतीच्या फाटकाशी थांबला. ती ओट्यावर डाळ निवडत होती. तो आत आला, बॅग खाली ठेवली आणि पायरीवर बसला. एवढ्या वर्षांत या घरात तो पहिल्यांदाच आला होता. मग मान खाली घालून, एखाद्या परक्या वस्तूला हात लावावा तसा शब्दांना हात लावत, मराठीत म्हणाला, "काकू, आई माझ्याबद्दल काय बोलायची?"

भानुमतीच्या मनात पटकन गोड काही जुळून आलं. फार माया होती तिची तुझ्यावर, तुझंच नाव घ्यायची. त्यात खोटं फारसं नव्हतंही. पण तिला अंगणातल्या चादरी आठवल्या. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"म्हणायची, विनय माझ्याजवळ बसत नाही," ती म्हणाली. "दारातूनच विचारतो, आणि विचारतो ते बायकोले. म्हणायची, मी मराठीत बोलली तर त्याले लाज वाटते. तू गाडीवरून आला की तिले तुझ्या पायांचा आवाज बरोबर समजे. मंग ती गप्प होऊन जाय. तू आत येशील करून वाट बघे."

विनयनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. भानुमतीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, काही समजूतही घातली नाही. गल्लीत मुलं खेळत होती, एक स्कूटर गेली. समोर सरोज दारात आली, तिनं दोघांना पाहिलं आणि परत आत गेली.

"अजून?" काही वेळानं विनयनं विचारलं.

भानुमतीला अजून पुष्कळ माहीत होतं. हिवाळाभर दुपारच्या दुपारी ऐकलेलं होतं सगळं. विनय लहान असताना ग्वारीघाटावर हरवला होता ते, विष्णुपंतांनी त्याला पहिली सायकल आणली ते, त्याच्या तापात आईनं केलेला नवस. तिनं त्यातलं एक सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा आला, तेव्हा आणखी एक. सरोजही मग चहा घेऊन यायला लागली आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसायला लागली. ज्या शब्दाशी विनय अडायचा, तो ती त्याला सांगायची.